ओंडक्यासारखी झोप

लातूरच्या क्लासमध्ये इंग्रजीचे सर रोज फळ्यावर एक वाक्प्रचार लिहीत आणि प्रत्येकाकडून त्याचं स्वतःचं वाक्य मागत. एक दिवस त्यांनी लिहिलं, ‘स्लीप लाइक अ लॉग’. ओंडक्यासारखं गाढ झोपणं. दिवसभर राबलेला माणूस असा झोपतो, हे कौतुकाने म्हणायचं असतं, सर म्हणाले. पोरांनी भाऊ, काका, शेजारी सगळ्यांना पटापट झोपवलं. माझी पाळी आली तेव्हा मला एकही माणूस सुचेना.

आमच्या घरी गाढ झोपेचं कौतुक नव्हतं. भूकंपात मावशी गेली होती. गणपती बुडवून दमलेलं तिचं सगळं घर दगडमातीच्या भिंतींखाली झोपेतच राहिलं. तेव्हापासून आई म्हणायची, “लई गाढ झोपू नको गं माय. झोपली होती म्हनून गेली ती.” उशाशी ती तांब्या पालथा घाली आणि त्यावर स्टीलचा पेला ठेवी. जमीन हलली की पेला पडणार, आपण जागे होणार. उदगीरच्या आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी हे चाले. पुढे बाकीच्यांनी सोडून दिलं, आईने नाही. पेला बहुतेकदा मांजरच पाडायचं आणि आम्ही आपले चादरींसकट रस्त्यावर! मी भयंकर चिडायचे. पण आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली की राग कुठे ठेवावा कळत नसे. वर्षानुवर्षं रात्री ती नुसती जागीच पडून राहायची.

माझं वाक्य अजून राहिलेलंच होतं, तेव्हा बारावीच्या त्या वर्षी आई मला भेटायला लातूरला आली, सकाळच्या एसटीने, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. माझी भाड्याची खोली पहिल्या मजल्यावर, शेजारी डाळमिल. मिल सुरू झाली की खाटसुद्धा बारीक थरथरायची. आईने आधी वर स्लॅबकडे पाहिलं.

“हे हलायलंय की गं!”

“मिल आहे आई. रोजचंच आहे.”

तिला काही ते पटलं नाही. माझाच तांब्या पालथा घातला, वर पेला ठेवला आणि जरा पाठ टेकते म्हणाली.

दुपार पिवळी होती. तुरीची धूळ खिडकीतल्या उन्हात तरंगत आत येत होती आणि ती खोलीच कुठेतरी हळूहळू निघाली आहे असं वाटत होतं. पुस्तकातली अक्षरं माझ्या डोळ्यांपुढे वाहत होती. किती वेळ गेला कोण जाणे. थरथरत थरथरत पेला कडेला आला आणि खणकन फरशीवर पडला.

आई उठली नाही.

मी धावत जाऊन तिच्या नाकाशी हात धरला. श्वास उबदार होता, संथ होता. तोंड थोडं उघडं होतं आणि चक्क ती घोरत होती. सरांसाठी वाक्य मिळालं. मी ते मनातल्या मनात इंग्रजीत म्हणून पाहिलं आणि मला रडू फुटलं.

पेला घरंगळत खाटेखाली गेला होता. तो मी उचलला, पण तांब्यावर परत ठेवला नाही. मांडीवर धरून तिच्या उशाशी बसून राहिले. जमीन हललीच असती, तर मी जागी होते.