शिबिराबाहेरची मुलगी

आमच्या शेतात जाणाऱ्या वाटेवर एक पाटी आहे. 'इथे मुलं मोबाईलशिवाय राहतात.' पाटी पुण्याहून छापून आली, खड्डा मात्र मी खणला, कारण आमचे हे तेव्हा पाहुण्यांशी फोनवर बोलत होते. त्या पाटीच्या मागेच माझ्या स्वयंपाकाचं पत्र्याचं छप्पर आहे. त्याखाली तांदळाच्या पोत्यावर बसून माझी मुलगी मोबाईल बघत असायची. पाटीवरची मुलं म्हणजे कुणाची मुलं, हे लिहायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

आम्ही तिकोणा गडाच्या पायथ्याशी, तिकोणा पेठेतले. धरणाच्या पाण्याला लागून आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. भात निघाला की तिथे तंबू लागतात. शनिवार-रविवारी शहरातली माणसं येतात, शेकोटी पेटवतात, मोठ्याने गाणी लावतात आणि जाताना इथली शांतता फार आवडली म्हणून सांगतात. पहिल्या वर्षी मुलगी त्यांच्या आसपास हुंदडायची. चौथीतली पोर ती, नवीन माणसं बघायला जाणारच. मग एका बाईंनी तक्रार केली, की गावातली मुलं तंबूत डोकावतात. गावातली मुलं म्हणजे ही एकटीच. त्याच संध्याकाळी ह्यांनी आपला जुना फोन तिच्या हातात दिला.

"हितंच बस. पावन्यांच्या मधी जायाचं न्हाई."

ती बसली. इतकी बसली, की पुढे तिला उठवायला गेलं तर अंगावर यायची. अनवाणी गडावर पळणारी पोर विहिरीपर्यंत जायला सांगितलं तरी पाय दुखतात म्हणू लागली. शाळेत गणित चुकलं की पाटी-दप्तर सोडून रडत घरी. मैत्रिणीने खेळात राज्य दिलं की मैत्रीच बंद. जरा काही मनाविरुद्ध झालं, की फोनमध्ये तोंड खुपसायचं. ह्यांना मी सांगायचे तर ते म्हणायचे, "गप बसती ना? मग कशाला खाजवून खरूज काढती?"

दिवाळीच्या सुट्टीत शहरातून एक मॅडम आल्या. मुलांचं मोबाईलमुक्त शिबिर घ्यायचं होतं आणि त्यासाठी आमचं शेत त्यांना फार पसंत पडलं. आठवडाभर स्वयंपाक माझ्याकडे. मुलं आली ती पहिल्याच दिवशी रडारड करत. एकाला भाकरी नको होती, एकीला तंबूत मुंगी दिसली म्हणून घरी जायचं होतं. मी धावत गेले, तर मॅडमनी मला थांबवलं. "ताई, कंटाळा येऊ द्या त्यांना, भूक लागू द्या. आपण लगेच धावतो आणि मुलं कच्ची राहतात."

मॅडम थापा मारत असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांचं खरं होतं. भाकरी नको म्हणणारा पोरगा दुसऱ्या दिवशी ठेचा मागून घेत होता. लगोरीत हरल्यावर रुसून बसलेली पोरं आपली आपण परत येत होती, ताटं घासत होती, अंधाराला भीत भीत का होईना गुरांच्या गोठ्यापर्यंत जाऊन येत होती. मी भाकरी थापता थापता ते बघायचे आणि माझं पित्त खवळायचं. शहरातल्या पोरांना जे पैसे भरून शिकवत होते, ते माझ्या पोरीला आधीच येत होतं. ते तिच्या हातून काढून घेतलं, तेही असल्याच पाहुण्यांना अडचण होऊ नये म्हणून.

मी फोन उचलला आणि पिठाच्या डब्यात घातला. मुलीने थयथयाट केला. ताट भिरकावलं, मला नाही नाही ते बोलली, पत्र्यावर लाथा मारल्या. मी पीठ मळत राहिले. मॅडमचंच औषध होतं, आपल्या घरात द्यायला काय हरकत? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती कोपऱ्यात धुमसत होती. मग आपणहून उठली आणि बांधाकडे गेली.

तिथे शिबिरातली मुलं दिवाळीचा किल्ला करत होती. नुसत्या मातीचा ढीग रचला होता आणि तो सारखा ढासळत होता. माझ्या मुलीने थोडा वेळ पाहिलं. "असं न्हाई. आदी दगडं लावा, मग चिखल." आणि ती कोपरापर्यंत चिखलात शिरली. तिचा बुरूज दोनदा कोसळला. ती रडली नाही. शिवी हासडली आणि पुन्हा दगड शोधायला गेली. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते आणि मला वाटलं, आली माझी पोर परत. भाकरी करपली त्या नादात, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

रात्री जेवणाच्या वेळी शिबिरातल्या दोघांनी फोनसाठी भोकाड पसरलं. चौकशी केली तर कळलं, की किल्ला करताना मुलीने त्यांना आपल्या गेमबद्दल सांगितलं होतं. मॅडम माझ्याकडे आल्या. आवाज अगदी मऊ. "ताई, राग मानू नका. मुलं आत्ता कुठे सावरतायत. तुमच्या मुलीला सवय आहे ना फोनची, तिला जरा लांब ठेवाल का?"

मी म्हटलं, "मग तिलाबी घ्या की शिबिरात."

त्या हसल्या. पालकांना काय सांगायचं, जागा मोजक्या असतात, वगैरे वगैरे. ह्यांनी माझ्यावर डोळे वटारले, पिठाच्या डब्यातून फोन काढला, सदऱ्याला पुसला आणि पोरीला दिला. मी कडाकडा भांडले. "अगं, पुढच्या सुट्टीचं शिबिर बी हितंच व्हायचंय," असं ते म्हणाले. एवढंच त्यांचं उत्तर.

शिबिराचा शेवटचा दिवस गड चढायचा. शिबिरात फोटो काढणारा मुलगा दिवाळीसाठी घरी गेला होता आणि पालकांना तर सारखे व्हिडिओ हवे असायचे, आपली मुलं फोनशिवाय कशी राहतात त्याचे. मॅडम अडचणीत पडल्या. ह्यांनी लगेच तोंड घातलं, "आमची पोरगी लय भारी व्हिडिओ काढती." काल लांब ठेवायची पोर आज उपयोगाची झाली. मला संताप आला, पण मी अडवलं नाही. कशीही का होईना, गडावर जाईल, वारा लागेल, चार पोरांत राहील, असं मला वाटलं. जाताना तिच्या हातावर गूळ ठेवला.

दुपारी मंडळी खाली आली. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "काय दिसलं गं वरून?"

"थांब, दावते," म्हणाली आणि फोन उघडला.

गडाच्या शेवटच्या उभ्या पायऱ्या. शिबिरातली एक मुलगी घसरून पडते. मॅडमचा आवाज येतो, "कोणी उचलायचं नाही. ती स्वतः उठेल." मुलगी हुंदके देते, उठते, चढते. सगळे टाळ्या वाजवतात. व्हिडिओ लगेच जावेत म्हणून मॅडमनी पोरीचा फोन पालकांच्या ग्रुपला जोडला होता, आणि खाली त्या मुलीच्या आईवडिलांनी टाळ्यांची आणि लाल बदामांची रांग लावली होती.

पुढच्या व्हिडिओत चित्र एकदम हललं. आभाळ दिसलं, दगड दिसला, पुन्हा आभाळ. मग मॅडमचा आवाज, "चल गं, पुढे हो, सगळे चढून येताना वरून व्हिडिओ घ्यायचाय." आणि चित्र पुन्हा स्थिर.

मी खाली पाहिलं. तिची सलवार गुडघ्यावर फाटली होती आणि रक्ताने कातडीला चिकटली होती. कोपरही सोललं होतं.

"पडलीस? आणि बोलली न्हाईस कुणाला?"

"फोनला काय न्हाई झालं, आई," ती घाईघाईने म्हणाली. "मी वर धरला व्हता." आणि काच शाबूत आहे हे मला नीट दिसावं म्हणून तिने फोन उजेडाकडे केला.