आबांवरचे उपचार

माझ्या आत्याने शेवटपर्यंत माझी ओळख 'ही लहान मुलांचे हातपाय ओढते' अशीच करून दिली. लग्नकार्यात ती मला कोपराला धरून कुणातरी बाईसमोर उभी करायची, हे वाक्य म्हणायची आणि निघून जायची. पुढचं निस्तरणं माझ्याकडे. समोरची बाई आधी माझ्याकडे संशयाने बघायची आणि मग आपला दुखरा खांदा पुढे करायची. 'फिजिओथेरपिस्ट' हा शब्द तेव्हा पुण्यात ऐकला होता पुष्कळांनी, पण म्हणजे नक्की काय, हे कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर आपल्याला माहीत नाही हे कळतं.

लहान मुलांच्या इस्पितळात माझी खोली व्हरांड्याच्या अगदी टोकाला होती. त्या टोकाला, कारण तिथून रडणं बाकीच्या वॉर्डांत कमी ऐकू जाई. खोलीत एक भिंतभर आरसा, एक मोठा लाल चेंडू, जमिनीवर गाद्या आणि चालायला शिकताना धरायचे दोन समांतर दांडे होते. भिंतीवर एका कंपाउंडरच्या मेहुण्याने काढलेला ससा होता. तो गाढव आहे असं म्हणणारी मुलं आणि तो ससा आहे असं म्हणणारी मुलं, असे माझ्या पेशंट्सचे सरळ दोन तट होते. मी स्वतः कुठल्याच बाजूने बोलत नसे. मेहुणा दर दिवाळीला येऊन चित्र बघून जायचा.

माझा स्वभाव तापट. हे मी आज कबूल करते, तेव्हा करत नव्हते. मुलांवर मी चिडत नसे, त्यांच्याशी माझं छान जमायचं. माझा राग असायचा त्यांना घेऊन येणाऱ्या मोठ्या माणसांवर. आणि त्या मोठ्या माणसांत ज्यांनी माझा सगळ्यात जास्त अंत पाहिला, ते आबा.

आबा कात्रजच्या पलीकडल्या एका गावातले. गाव नुकतंच महापालिकेत आलं होतं. म्हणजे गाव होतं तिथेच होतं, पुणेच चालत तिथवर गेलं होतं. थोडी जमीन बिल्डरला गेली होती, थोडी शिल्लक होती, गोठ्यात चार म्हशी होत्या. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, दारातून आत येताना वाकावं लागेल अशी उंची. आणि त्यांच्या कडेवर पाच वर्षांची नात.

पोरगी दिवस भरायच्या आधीच जन्माला आलेली. त्यामुळे दोन्ही पायांचे स्नायू ताठ राहिले होते. उभी केली की टाचा वर आणि पाय एकमेकांत अडकलेले. डोकं मात्र लख्ख आणि जीभ त्याहून. पहिल्याच दिवशी तिने भिंतीकडे बघून 'ह्ये गाढव हाय' असा निकाल दिला आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, की हे मी काढलंय का.

आबांनी तिला खाली ठेवलं नाही. मी सांगितलं, गादीवर ठेवा. ते म्हणाले, गार असंल. मी गादीवर चादर घातली. ते म्हणाले, आता ठेवतो. आणि ठेवली नाही. पाच वर्षं ही मुलगी त्यांच्या कडेवरच वाढली होती. सुनेच्या पदरात तान्हं मूल, मुलगा दुधाची गाडी घेऊन पहाटेच डेअरीला. तेव्हा नात ही आबांचीच. गोठ्यात, देवळात, ग्रामपंचायत होती तोवर तिथल्या मीटिंगलासुद्धा ती कडेवर. चालायची गरज तिला नव्हती आणि ती चालावी असं वाटायला आबांना उसंत नव्हती.

पण त्या वर्षी एक अडचण उभी राहिली. बिबवेवाडीतल्या एका शाळेने आदल्या वर्षी तिला नाकारलं होतं. मुख्याध्यापिकाबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या की मुलगी हुशार आहे, पण आमच्याकडे एकच आयाबाई आहे. फाटकापासून वर्गापर्यंत एकटी येईल, पडली तर एकटी उठेल, त्या दिवशी घेऊ. दुसऱ्या शाळांनी तर एवढंही सांगितलं नव्हतं. जूनपर्यंत आठ महिने होते. ही शाळा गेली तर ती आणखी एक वर्ष कडेवर, आणि मग कदाचित कायमची. हे मी आबांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

काम सुरू झालं. पोरगी दांडे धरून उभी राहायला लागली, महिन्याभरात दांडे धरून पावलं टाकायला लागली. पण दांडा सोडायचा म्हटलं की ती मान वळवून म्हणायची, "आबा, मी पडले." पडायच्या आधीच. आणि वाक्य संपायच्या आत ती कडेवर असायची. पडण्याची सूचना देऊन पडणं टाळणारी दुसरी पेशंट मी पाहिली नाही.

मी आबांना बाहेर बसवलं. ते दाराच्या काचेतून बघत. पोरीला आरशात पांढरी टोपी दिसायची की ती लगेच 'पडायची'. मी काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलं. दुसऱ्या दिवशी दारात त्यांच्या उंचीवर, काच आणि चौकट यांच्यातली फट जिथे होती, नेमका तिथला कागद खाली लोंबत होता. मी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, वारं आलं असंल. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या व्हरांड्यात वारं येत असतं तर निम्मं इस्पितळ तिथेच येऊन बसलं असतं.

त्यातच मी तिला पडायला शिकवायला घेतलं. आधी हात टेकायचे, मग गुडघे, मग एक पाय पुढे, त्या गुडघ्यावर हात आणि वर. आमच्या कामात हे चालण्याइतकंच महत्त्वाचं. आबांना मात्र हे फारच झालं. पडायला कुणी शिकवतं व्हय, असं त्यांनी व्हरांड्यातल्या प्रत्येकाला विचारलं, आणि प्रत्येकाने त्यांच्याच बाजूने मत दिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मी चुकीच्या माणसावर उपचार करते आहे. पोरीच्या पायांत जेवढा ताठरपणा होता त्याहून जास्त आबांच्या हातांत होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना आत बोलावलं. खोलीच्या मध्यभागी उभं केलं आणि त्यांच्या दोन्ही हातांत पाण्याने काठोकाठ भरलेले दोन स्टीलचे पेले दिले. सांगितलं, "आबा, आपण एवढंच करायचं. पाणी सांडता कामा नये."

पहिल्या दिवशी पोरीने 'आबा' एवढंच म्हटलं आणि दोन्ही पेले जमिनीवर. फरशी पुसायला आलेल्या मावशी मला जे बोलल्या ते त्यांच्या दृष्टीने योग्यच होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पोरगी खरोखरच पडली, गादीवर, हात टेकून, शिकवलं होतं तशी. आबा पुढे झुकले, अर्धं पाणी लेंग्यावर गेलं, पण पेले हातात राहिले. पोरीने आबांकडे पाहिलं. आबांनी पेल्यांकडे पाहिलं. कुणीच येत नाही हे कळल्यावर ती चिडून उठली. एकटी. तो तिचा पहिला उठण्याचा दिवस.

मग मी दोघांचीही नोंद ठेवायला लागले. वहीत लिहायचे : 'दांड्याशिवाय सात पावलं. आबा : अर्धा पेला सांडला.' पुढे : 'चौदा पावलं, दोनदा पडली, दोनदा उठली. आबा : चार थेंब.' एकदा राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी ती वही वाचली आणि यातला पेशंट कोण, असं अगदी गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, दोघंही, पण मुलीची प्रगती जास्त आहे.

घरीही सराव हवा होता. घरी पेल्यांवर भागणार नाही असं आबांनीच ठरवलं आणि ते अंगणात दोन्ही हातांत दुधाच्या भरलेल्या किटल्या धरून उभे राहायला लागले. दूध काही ते सांडणार नाहीत, असा त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज. तो एकदा चुकला. त्यानंतर घरात दोन दिवस त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं, हे पोरीने मला मोठ्या आनंदाने सांगितलं. पण उन्हाळ्यापर्यंत पेल्यांची गरज संपली. पोरगी पडायची, उठायची, पुढे जायची, आणि आबा हात पाठीमागे बांधून, एका हाताने दुसऱ्याचं मनगट गच्च धरून उभे राहायचे. मनगटावर वळ उठलेले मी पाहिले आहेत. ते वळ दिसले त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा शाबास म्हटलं. ते लाजले.

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात बोलावणं आलं. मी तासाभराची परवानगी काढून स्कूटरवरून गेले. खरं तर माझं काही काम नव्हतं. पण आठ महिने ज्यासाठी घालवले ते मला डोळ्यांनी बघायचं होतं, आणि थोडं मिरवायचंही होतं. जाताच मी आबांना माझ्या नेहमीच्या आवाजात बजावलं की फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, काहीही झालं तरी. ते मान हलवून बाहेरच थांबले. मी मात्र आत, मुख्याध्यापिकाबाईंच्या शेजारी, जाणकार म्हणून.

पोरगी निघाली. पायात घोटे सरळ धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, त्यावर नवे बूट, पाठीला रिकामं दप्तर. फाटकापासून वर्गापर्यंत मुरमाचं मैदान. माझ्या खोलीतली गुळगुळीत फरशी तिथे नव्हती, हे मला तिने दहा पावलं टाकल्यावर कळलं. आठ महिन्यांत एकदाही मी तिला मुरमावर चालवलं नव्हतं. ती मात्र हळूहळू, डुलत, ओठ चावत निम्म्यापर्यंत गेली. तिथे एका खड्ड्यात तिचा बूट अडकला आणि ती पडली.

छान पडली. आधी हात, मग गुडघे. एक पाय पुढे घ्यायच्या बेतात होती. आणि मी धावले. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलं नव्हतं. मला कळलं तेव्हा मी तिला काखेत धरून उभं केलं होतं आणि तिचे गुडघे झटकत होते.

"मी उठत हुते ना," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पडल्याचं नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे उचलावं लागतं," त्या म्हणाल्या.

आठ महिने ज्या गोष्टीवरून एका म्हाताऱ्या माणसाला मी धारेवर धरलं, ती मी त्याच्यादेखत केली होती, आणि नेमकी त्या दिवशी. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही. पोरीचं वर्ष माझ्या हाताने गेलं असं मला वाटलं.

फाटकाबाहेरून आबा बोलले. आत न येता, गजांमधून. "बाई, पोरीला उठता येतंय. दम ह्या बाईंना निगाला न्हाई. पोरीला पुन्यांदा चालू द्या."

मुख्याध्यापिकाबाईंनी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आपण आधी बाहेर जाऊन उभ्या राहा," त्या मला म्हणाल्या.

मी फाटकाबाहेर जाऊन आबांच्या शेजारी उभी राहिले. पोरीला परत फाटकाशी आणलं. आबा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "हात मागं धरा. मनगाट दाबून." मी धरलं. खरंच उपयोग होतो.

दुसऱ्या खेपेला तिने तो खड्डा बघून ठेवला होता आणि ती बाजूने गेली. मुळीच पडली नाही. वर्गाच्या पायरीशी पोचली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पण ती पायरी चढेना. तिने वळून मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं, त्या बघताहेत याची खात्री केली, आणि तिथेच, मुद्दाम, पडली. मग हात, गुडघे, पाय पुढे, सगळं सावकाश, एकेक, जसं काही बाईंना शिकवते आहे. उठून फ्रॉक झटकला.

"पुरे, कळलं," बाई म्हणाल्या. "जा, आत बस. बाराला सुटेल शाळा."

ती आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. दार लोटलं गेलं आणि आतून इतर मुलांचा गलका यायला लागला.

आम्ही दोघं बाहेर. मी आबांची माफी मागितली, अगदी सरळ शब्दांत, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. ते म्हणाले, हुतंय असं. मग माझ्याकडे वळले.

"बाई, आता बारापातुर म्या काय करू?"

ते गंमत करत नव्हते. पाच वर्षांत दिवसाउजेडी ते एकटे कधी नव्हते. मी इतकी वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला घरी काय करायचं ते सांगत आले, सकाळी किती वेळा, संध्याकाळी किती वेळा, कागदावर लिहून देत आले. आबांना सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

समोरच्या वाण्याच्या दुकानातून मी इस्पितळात फोन केला आणि स्कूटर पंक्चर झाली म्हणून सांगितलं. मग आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसलो. आबांना घड्याळ नव्हतं. बारा वाजेपर्यंत त्यांनी मला किमान वीस वेळा किती वाजले ते विचारलं, आणि मी प्रत्येक वेळी मनगट वळवून, नीट बघून सांगितलं.