कमानीपाशी बंद पडलेली सायकल

आमच्या वस्तीचं नाव घेतलं की चंद्रपुरातल्या ऑटोवाल्यांना अचानक घरची कामं आठवतात. एकाला जेवायला जायचं असतं, दुसऱ्याचा गॅस संपत आलेला असतो, तिसरा तोंडावर सांगतो, "तिकडून सवारी नाई भेटत मॅडम." मे महिन्याच्या भर दुपारी दवाखान्यासमोर उभं राहून मी हे सगळं ऐकून घेतलं. पिशवीत मायच्या डोळ्याचं औषध होतं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, जवळची बाटली सकाळीच संपलेली आणि वस्तीजवळच्या दुकानात ते औषध मिळालं नव्हतं. थेंब चुकवायचे नाहीत, डोळा बिघडला तर पुन्हा काही करता येणार नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. माय घरी एकटी, काळा चष्मा लावून माझी वाट बघत बसलेली.

दवाखान्याच्या भिंतीला लागून भाड्याच्या हिरव्या सायकली उभ्या होत्या. शहरात नव्यानंच आलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या. सायकल मी शाळेपासून चालवते, सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात पावसाळ्याच्या चिखलातूनही चालवली आहे. म्हटलं, ऑटोवाले गेले खड्ड्यात, आपण आपलं जावं. मोबाइलवर त्यांचं अ‍ॅप घेतलं तर ते म्हणे चेहरा दाखवा. आता मे महिन्यात चंद्रपुरात चेहरा उघडा ठेवून कोण फिरतं? डोक्याला, तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा सोडला, फोटो काढला. अ‍ॅप म्हणालं, चेहरा स्पष्ट नाही, उजेडात या. डोळे उघडवत नव्हते इतक्या उन्हात मी उभी होते, आणि ते मला उजेडात बोलवत होतं! तीनचारदा तोंड वेडंवाकडं केल्यावर कुलूप एकदाचं उघडलं. सीट तव्यासारखी तापलेली. बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं, दुपट्टा पुन्हा घट्ट बांधला आणि निघाले.

खोटं कशाला बोलू, दहा मिनिटं मजा आली. पायडल मारलं की सायकल स्वतःच पुढे ओढून नेत होती. मघाच्या ऑटोवाल्यांपैकी एक चौकात सवारीची वाट बघत होता, त्याच्या नाकासमोरून घंटी वाजवत गेले.

आमच्या वस्तीच्या तोंडाशी निळी कमान आहे, तिच्यावर पंचशील ध्वज. वस्ती बौद्धांची, बहुतेक लोक खाणीत, वीजकेंद्रात, शाळा-दवाखान्यांत नोकरी करणारे. कमानीपाशी पोचले आणि सायकल कुईंकुईं ओरडायला लागली. बॅटरी बंद. पायडल इतकं जड झालं की जणू मागे कुणीतरी धरून ठेवलंय. मोबाइलवर लाल अक्षरं आली, 'आपण सेवेच्या हद्दीबाहेर आहात.' नकाशा उघडून पाहिला. सगळं शहर हिरवं. हिरवा रंग रस्त्यानं सरळ येत होता आणि नेमका आमच्या कमानीला वळसा घालून पुढे गेला होता. पलीकडची नवी कॉलनी हिरवी, तिच्या मागचं रिकामं मैदानसुद्धा हिरवं. मधे आमची तेवढी वस्ती राखाडी.

मदतीच्या नंबरवर फोन लावला. पुण्याकडची गोड मराठी बोलणारी मुलगी होती. म्हणाली, "मॅडम, सायकल हद्दीत परत आणा, तिथे कुलूप लागणार नाही."

"पण ही वस्ती शहरातच आहे. हद्दीबाहेर कशी काय?"

"तिकडे आम्ही सेवा देत नाही मॅडम. तिथून सायकली परत येत नाहीत, असं आम्हाला सांगण्यात आलंय."

"म्हणजे लोक चोरतात?"

"काही भाग तसे असतात ना, मॅडम."

"मी इथंच राहते."

"अहो, तुमच्याबद्दल नाही बोलत मी!"

हे वाक्य मी कॉलेजात ऐकलं आहे, अहेरीला नोकरीत असताना ऐकलं आहे, भाड्यानं खोली बघायला गेल्यावर घरमालकिणीच्या तोंडून ऐकलं आहे. प्रत्येक वेळी माणसं ते इतक्या प्रेमानं बोलतात की आपण आभार मानावेत अशीच त्यांची अपेक्षा असते. मी फोन कापला. तिथं उभं राहून भांडत बसले असते तर मायचे थेंब राहिले असते. ती जड सायकल रेटत, कुईंकुईं आवाज करत मी घरी आणली.

माय दारातच होती. आधी हात धुतले, तिला खाटेवर झोपवलं, डोळ्यात थेंब सोडला. वेळ टळली नव्हती. मग बाटलीचं झाकण रागानं करकचून लावलं. मायनं विचारलं, "काय झालं? आवाज कायचा येऊन राह्यला दारात?" मी म्हटलं, सायकल बिघडली. तिला काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं.

तासाभरानं कंपनीच्या गाडीवाल्याचा फोन आला. सायकल न्यायला गाडी आली होती. "मॅडम, सायकल कमानीपर्यंत आणून द्या."

"कमानीच्या आत या. डावीकडचं तिसरं घर."

"गाडी आत नाई आणत आम्ही."

"मग पायी या," मी म्हटलं आणि दारात पाय रोवून उभी राहिले.

बऱ्याच वेळानं तो आला. इकडेतिकडे बघत, गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरून. त्यानं सायकलची घंटी वाजवून पाहिली, दिवा पाहिला, सीट हलवून पाहिली, चारही बाजूंनी फोटो काढले. शेजारच्या काकांनी ऊन लागू नये म्हणून तिच्यावर ओलं पोतं टाकून ठेवलं होतं, ते त्यानं दोन बोटांनी बाजूला केलं. मग गल्लीतली तुळस-जास्वंदीची डबडी, विहाराची पांढरी भिंत, दारातल्या मोटारसायकली यांच्यावरून नजर फिरवली आणि अगदी मनापासून म्हणाला, "अरे! इथी तर चांगलंच आहे सगळं."

त्या मुलीच्या बोलण्यानं आला नव्हता एवढा राग मला या कौतुकानं आला. मी काही बोलायच्या आत तो सायकल घेऊन चालता झाला, आणि कमान ओलांडल्याबरोबर तिचं ओरडणं थांबलं.

आतून मायनं सगळं ऐकलं होतं. मी खाटेजवळ जाऊन बसले तशी तिनं विचारलं, "काऊन बंद पडली होती ते खरं सांग." आता लपवण्यात अर्थ नव्हता. नकाशा, हद्द, परत न येणाऱ्या सायकली, सगळं सांगून टाकलं.

ती चिडेल असं मला वाटलं होतं. पण तिनं काळा चष्मा नाकावर नीट सारला.

"माह्या आज्याले गावानं येशीच्या बाहेर ठेवलं होतं," ती म्हणाली. "कायले, मालूम आहे? राखनीले. रातभर तो काठी घेऊन येशीवर जागे, तवा गाव झोपे. सोनंनाणं, धान्य, गुरंढोरं, सगळं त्याच्या भरोशावर." मग माझा हात चाचपत तिनं धरला. "आन् आता आपल्या भरोशावर एक सायकल नाई ठेवत बाई हे लोक."