नळ आल्यावर वाजणारा बजर

आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतात. त्यामुळे गल्लीत पाणी कमी आणि किस्से जास्त साचतात.

नळाची वेळ काही ठरलेली नाही. आधी नुसती हवा फुसफुसते, ती माझ्या कानाला बरोबर कळते. मग "नळ आले हो" करत मी दारोदार जायची. कोणाकडे काय शिजतंय तेही दिसायचं. एकदा समोरच्या कमलबाई म्हणाल्या, "काकू, तुमच्यापेक्षा पोलीस बरे. ते वारंट तं दाखवतात."

मी हसले. हे गेले, मुलगा पुण्यात. आठवड्याचं माझं बोलणं ते तेवढंच.

*

शेजारची सृष्टी सहावीत, आजोबांजवळ राहते. गल्ली त्यांना आबाजी म्हणते. एक दिवस पोरगी पायरीवर वायरी सोलत बसलेली.

"काय करून राह्यली वं?"

"विज्ञान प्रदर्शनाचा प्रोजेक्ट, काकू. नळ आला का बजर वाजते. तुम्हाले आता पळा लागत नाही."

वायर धरायला मीच बसले.

*

नळाखाली वाटी, वाटीत दोन वायरी, बाजूला बॅटरी आणि बजर. पाणी पडलं की वाजायला हवा. तो मुंगी शिंकल्यासारखा कुंई करून गप्प. मी म्हटलं, "चिमूटभर मीठ टाकून पाह्य." माझं विज्ञान तेवढंच.

बजर असा बोंबलला की आबाजींचा चहा सांडला.

"डॉक्टरनं माह्यं मीठ बंद केलं," ते म्हणाले, "अन् तुम्ही बजरले चारून राह्यल्या."

*

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये नळ नव्हता. थर्माकोलमागे तांब्या घेऊन मी उभी. नळ मीच. तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "याआधी पाणी आलेलं लोकांना कसं कळायचं?"

"काकू ओरडायच्या," सृष्टी म्हणाली.

सगळे हसले. मी मागून पाणी ओतलं, बजर वाजला, पहिला नंबर आला.

*

मग सृष्टीनं घरोघर बजर लावून दिले. पुढच्या नळाला मी पदर खोचून पायरीवर आले, तोंड उघडलं, आणि गल्लीभर बजर एकदम वाजले. आतल्या आत बादल्या खणखणल्या. दार एकही उघडलं नाही.

मी घरात येऊन माझी बादली लावली.

*

त्याच्या पुढच्या नळाला सगळे बजर वाजले, आबाजींचा तेवढा नाही. पाणी निघून जाईल म्हणून मी धावले, कडी वाजवली.

"आबाजी, नळ आले."

दार लगेच उघडलं. खुर्ची दाराशीच होती.

"बजर नाही वाजला?"

"बिघडला," आबाजी म्हणाले. "तो आता काही सुधरत नाही. तुम्हीच येत जा."

आत सृष्टी चहा गाळत होती. तीन कप. मोरीत नळ धो धो चालू होता, आणि त्याच्याखाली वाटी होती. पालथी.