रिकाम्या खोलीतला पंखा

पद्मिनीकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या घरातले सगळे बूट अंगणात उन्हाला बसवत होत्या. ऊन होतं एका चटईएवढं. ते सरकलं की काकू बूट सरकवायच्या. १९८५चा ऑगस्ट होता, गाव रेडमंड, आणि मी त्यांच्या तळघरातली खोली बघायला आले होते. खोली चांगली आहे ना, असं विचारलं तर काकू म्हणाल्या, "चांगली आहे, पण कपाटात काही चामड्याचं ठेवू नकोस. बुरशी येते."

पुढची दोन वर्षं मी तिथे राहिले आणि बसने विद्यापीठात जात राहिले. माझं नाव विनीता. स्वभाव तिरकस आहे असं घरचे म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

काकू मूळच्या सोलापूरच्या. माहेरी उन्हाळा लागला की गच्चीभर वाळवण असायचं, पापड, कुरडया, सांडगे, आणि त्या खात्याच्या प्रमुख काकू. असल्या उन्हातली बाई रेडमंडच्या पावसात येऊन पडली, कारण अनिलकाकांना विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली. इथे ऑक्टोबरात पाऊस लागतो तो मेपर्यंत घरी जायचं नाव घेत नाही. न्हाणीघराच्या भिंतीवर बुरशी, पावावर बुरशी, गणपतीच्या पाटाखाली बुरशी. काकूंचं तिच्याशी उघड वैर होतं. सोलापुरातून बी आणून लावलेली तुळस तीनदा उगवली आणि तीनदा फेब्रुवारीत गेली. त्याबद्दल त्या बोलत नसत, पण रिकामी कुंडी मागच्या दारात तशीच होती.

शेजारी हेझलबाई राहायच्या. वय सहासष्ट, एकट्या, शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना कॅन्सर होता आणि केमो चालू होती. (त्या अर्थातच इंग्रजीत बोलायच्या, मी इथे मराठीत सांगते आहे.) केमोनंतर त्यांच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नसे. काकू रोज डबा न्यायच्या, मऊ वरणभात, वर तूप. डबा घासून परत यायचा. एकदा काकूंनी त्यांच्या कचऱ्याच्या पिशवीत तोच भात पाहिला. घरी येऊन ओट्याशी उभ्या राहून रडल्या. हेझलबाईंच्या पोटात चार घास राहावेत, एवढंच त्या बाईला हवं होतं.

ते घास राहायचे फक्त एका गोष्टीने. हेझलबाईंच्या मागच्या काचेच्या पडवीत चार कुंड्या होत्या, पुरुषभर उंचीची झाडं, टोकांना दाट, चिकट तुरे. ते तुरे वाळवून, पाइपमधून दोन झुरके घेतले की तासभर मळमळ थांबायची. गेल्या वर्षीची बरणी तळाला आली होती. मार्चपर्यंत केमो चालणार होती आणि तो सगळा हिवाळा या चार झाडांवर होता.

सप्टेंबरच्या शेवटी हेझलबाई दहा दिवस हॉस्पिटलात गेल्या. जाताना काकूंना किल्ली दिली आणि म्हणाल्या, "हे माझं औषध आहे. सांभाळ." सूचनांचा कागद फ्रिजला लावला होता. तो मीच काकूंना वाचून दाखवला. पाणी आठवड्यातून दोनदा, फक्त मातीत. खिडकी उघडी. पंखा रात्रंदिवस चालू.

"आठवड्यातून दोनदा?" काकू म्हणाल्या. "झाड आहे की पाहुणा?"

मी हसले. तिथेच थांबवायला हवं होतं.

काकूंनी काय केलं ते सांगते. आजारी माणसाचं औषध, तेही दारातल्या कुंडीत, त्याला पारोश्या हाताने कसं शिवायचं? म्हणून त्या पहाटे आंघोळ करून, ओल्या केसांनी तांब्या घेऊन जायच्या आणि चारही झाडांना वरून, तुऱ्यांवरून, धार धरून पाणी घालायच्या. मग प्रत्येक कुंडीला हळदकुंकू. तेवढ्या जागेत जमेल तशी प्रदक्षिणा. संध्याकाळी गारठा पडतो म्हणून खिडकी लावायच्या आणि झाडांवर जुनी सुती साडी पांघरायच्या. आणि निघताना पंखा बंद, वायर काढून नीट गुंडाळून. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून जाणं आपल्याकडे कुणाला जमलंय? लहानपणापासून ते बटण आपला हात आपोआप बंद करतो. एकदा काकू विसरल्या तेव्हा तो मी बंद केला. हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी अनिलकाका काकूंना हाक मारायला पडवीत आले आणि दारातच थबकले.

"अगं, हा गांजा आहे!"

"असू दे. शंकराला चालतो."

"शंकराला सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू नाहीये! मला आहे, जानेवारीत. उद्यापासून तू इथे पाऊल टाकायचं नाहीस. कॅन्सल कर हे सगळं."

काका भित्रे नव्हते, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. तेव्हा अशी झाडं घरी लावायला बंदी होती. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तांब्या उचलला. काका वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. त्या घरात मोठे निर्णय असेच व्हायचे.

नवव्या दिवशी काकूंनी मला हाक मारली. एका तुऱ्यातून एकच पान सुकून बाहेर लोंबत होतं, बाकी सगळं हिरवंगार. काकूंनी पान ओढलं तर ते अलगद हातात आलं. तुरा उकलला तर आत तपकिरी चिखल आणि त्यावर राखाडी कापूस.

"बुरशी," काकू म्हणाल्या. ओळख पटायला त्यांना क्षणही लागला नाही. पापडावर आली तर पुसून उन्हात टाकतात, त्या सवयीने त्यांनी पदराचं टोक तुऱ्यावरून फिरवलं. राखेसारखी धूळ उडाली आणि शेजारच्या झाडावर जाऊन बसली. काकूंचा हात तिथेच थांबला. मग आम्ही एकेक तुरा बघत गेलो. दोन झाडं आतून पोखरली होती. काकू पायरीवर बसल्या. "माझ्या हातून झालं," म्हणाल्या. ते खरंच होतं, आणि त्यात माझाही हात होता.

बागेविषयी सल्ला देणारा एक सरकारी फोन होता. मी तो लावला आणि टोमॅटोला राखाडी बुरशी आल्याचं सांगितलं. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, ही द्राक्षांना, स्ट्रॉबेरीला, गुलाबाला सगळ्यांनाच होते. कोंदट हवा आणि ओलं फूल मिळालं की तिचं काम झालं. औषध मारून आतली जात नाही. आजारी भाग खाली, चांगल्या देठापर्यंत कापा, हलवू नका, धूळ उडते. वारा खेळता ठेवा, मधली पानं विरळ करा, झाडं एकमेकांपासून लांब ठेवा, पाणी सकाळी आणि फक्त मातीत. मी सगळं लिहून घेतलं. सडका भाग कापेपर्यंत धूळ उडू नये म्हणून पंखा बंदच ठेवला. मग फ्रिजपाशी जाऊन हेझलबाईंचा कागद पुन्हा वाचला. त्यातलं बरंचसं तिथे होतंच, फक्त कारणं लिहिलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हेझलबाई आल्या. काठी टेकत पडवीत गेल्या, झाडं पाहिली, मग खाली कुंड्या पाहिल्या. शेवटी पंख्याकडे पाहिलं. "या वर्षी ओल लवकर आली," एवढंच म्हणाल्या. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी जमिनीकडे.

मग काम सुरू झालं. हेझलबाईंना ती धूळ सोसण्यासारखी नव्हती, म्हणून त्या तोंडाला रुमाल बांधून स्वयंपाकघरात काचेच्या दाराआड खुर्ची टाकून बसल्या आणि तिथून हुकूम सोडत राहिल्या. काकू प्रत्येक सडक्या तुऱ्यावर आधी कागदी पिशवी चढवायच्या, तिचं तोंड आवळायच्या, मग खालून कापायच्या. दर कापणीनंतर कात्री स्पिरिटने पुसायच्या. पिशवीची युक्ती त्यांची स्वतःची होती. हेझलबाईंनी काचेवर टकटक करून शाबासकी दिली.

भांडण एकदाच झालं. अर्धा चांगला दिसणारा एक तुरा काकूंना वाचवायचा होता. कापून कापून त्यांनी त्याचा चांगला तुकडा काढला आणि काचेपाशी धरला. हेझलबाईंनी मान हलवली. "दिसते ती बुरशी तू काढलीस. न दिसणारी माझ्या फुफ्फुसात जाईल, आणि तिच्याशी भांडायला माझ्यात आता काही शिल्लक नाही. टाक." काकूंनी टाकला. दोन झाडं अख्खी गेली, तिसरं अर्धं. चौथं धडधाकट होतं. आकाश भरून आलेलं पाहून हेझलबाईंनी आठवडाभर आधीच ते उतरवायला लावलं.

वाळवायची वेळ आली तेव्हा मात्र हुकूम काकूंचे चालले. हीटरच्या खोलीत दोऱ्या बांधल्या, फांद्या उलट्या टांगल्या, एकीला दुसरी लागणार नाही अशा. पंखा भिंतीकडे तोंड करून, म्हणजे वारा फिरेल पण अंगावर येणार नाही. हेझलबाईंना घाई होती, त्या हीटर वाढवायला निघाल्या. काकू मला इंग्रजी करायला लावत म्हणाल्या, "वरून कडक आणि आत ओल राहिली, की डब्यात घात होतो. सांडग्यांचंही तसंच." रोज एक काडी वाकवून बघायच्या. नुसती वाकली तर नाही. दहाव्या दिवशी काडी कट्‌कन मोडली, तेव्हा बरण्या भरल्या. पुढे तीन आठवडे रोज झाकण उघडून नाक खुपसायचं. ओलसर वास आला तर सगळं परत बाहेर. एकदा आला, एकदा काढलं.

नोव्हेंबरात सगळं मिळून दीड बरणी उरली. "जानेवारी संपेपर्यंत पुरेल," हेझलबाई म्हणाल्या. केमो मार्चपर्यंत होती. तो हिशेब तिघींनाही येत होता.

मग त्या काकूंकडे वळून म्हणाल्या, "पॅडमिनी, तू नसतीस तर चारही गेली असती."

काकूंनी माझा दंड धरला. "सांग यांना. मी नसते तर चारही वाचली असती."

मी सांगितलं. मग काकू एकेक सांगत गेल्या आणि मी इंग्रजी करत गेले. डोक्यावरून पाणी, साडी, खिडकी, पंखा. हळदकुंकू मी गाळलं, कारण मला त्याची लाज वाटत होती. पंख्यापाशी आल्यावर माझाही वाटा सांगून टाकला.

हेझलबाईंनी सगळं ऐकलं. "आणि कुंड्यांवरचं ते लाल?"

काकूंना ते इंग्रजीतही कळलं. त्या खाली बघू लागल्या.

"मला आल्याआल्याच समजलं होतं," हेझलबाई म्हणाल्या. "पंख्याची वायर इतकी नीट गुंडाळून ठेवली होती. राग आला होता मला. पहिल्या दिवशी तर फार."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"शिकवण्यात माझा जन्म गेला. चूक ज्याची त्याने सांगेपर्यंत थांबावं लागतं. हिने सहा आठवडे लावले." मग काकूंना म्हणाल्या, "लाल कशासाठी?"

काकूंनी उत्तर माझ्यावर सोपवलं नाही. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्याकडे औषधाला आधी नमस्कार. मग औषध काम करतं."

हेझलबाईंनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "डबा आणलायस ना? दे." त्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी भात खाल्ला आणि तो राहिला.

जानेवारीत अनिलकाकांचा इंटरव्ह्यू सुरळीत झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस बरणी संपली. फेब्रुवारी आणि मार्च काकूंनी काढले. रोज तांदळाची पेज, चमच्याने, उलटी झाली की तोंड पुसायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा पहिल्या चमच्यापासून. कधी चार तास लागायचे. अनिलकाका ऑफिसातून येऊन स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायचे आणि आमचंही. त्या हिवाळ्यात हेझलबाई फार खंगल्या, पण केमो पूर्ण झाली. त्यानंतर त्या चौदा महिने जगल्या. दोन महिन्यांच्या औषधाची तूट त्यांच्या आयुष्यातून किती वजा झाली, हे काकूंनी मला एकदाच विचारलं. मला माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

हेझलबाईंच्या मागे त्यांचा भाचा घर आवरायला आला. जाताना एक खोका देऊन गेला. त्यात पंखा होता, वायर नीट गुंडाळलेली, आणि कागद, फ्रिजवरचाच. त्याखाली नव्या शाईत एक ओळ होती : पॅडमिनीच्या झाडासाठी.

गेल्या डिसेंबरात मी काकूंकडे मुक्कामाला होते. मागच्या खोलीत तुळस आहे, शेजारी हेझलबाईंचा पंखा, आणि तिला तिसरा हिवाळा चालू आहे. काकू अजून आंघोळ करूनच जातात, हळदकुंकूही वाहतात, पण पाणी मातीत घालतात. मी पाहिलं तेव्हा अनिलकाका हातात पुस्तक घेऊन त्या खोलीतून बाहेर येत होते. दिवा त्यांनी सवयीने बंद केला. हात पंख्याच्या बटणाकडेही गेला, तिथे जरा थांबला, आणि परत आला. त्यांनी दार अर्धवट लोटलं. आत अंधारात पंखा चालू होता.