माह्या बोलीले हात नोका लावू

गोऱ्या साहेबानं माह्या तोंडात बोट घातलं. तंबाखूचा वास येत होता त्या बोटाले. आवाज कुठून निंघते ते पाहाले जीभ खाली दाबली अन् वकीलसाहेबाले म्हने, हिले तो शब्द पुन्यांदा बोलाले सांगा.

शब्द होता 'डा'. डा म्हंजे पानी. माह्या कोरकू बोलीतला. तोंडात बोट असल्यावर पानी म्हनता येत नाई. नुसती घूं घूं झाली, लाळ गळली, अन् वसरीवर बसलेली सारी मानसं हासली. अमरावतीचे वकीलसाहेब, त्याइचे दोस्त, दारामांगून बाया. वकीलसाहेब म्हनले, "पाहा, माकडीन कशी करते." साहेबानं बोट बाहेर काढलं अन् माह्याच लुगड्याले पुसलं.

तवा मी पोट्टी होती. न्हातीधुती बी झाली नव्हती.

आमचं गाव सेमाडोहाच्या वर, पहाडात. त्या सालाइत कापसाले सोन्याचा भाव आला होता. समुद्रापलीकडं कुठी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, आता गोऱ्याइले वऱ्हाडचा पायजे, असं लोकं सांगत. दर्यापूरकडं काळ्या वावराइत बोंडं फुटून पडली होती अन् वेचाले हात पुरत नव्हते. मुकादम पहाडावर आला अन् आमाले खाली घेऊन गेला. बाप मेला होता. माय अन् मी गेलो. वावर वकीलसाहेबाचं होतं. त्याइनं मले पाह्यलं अन् मायले म्हनले, पोट्टी घरी कामाले दे, पोटभर खाईन. मायले मराठी समजे नाई. तिच्यातर्फे मुकादमानंच हो म्हटलं.

वकिलीनबाईनं पह्यल्याच दिशी सांगतलं. गोठा झाडाचा, शेन काढाचं, अन् तोंडातून ते जंगलातलं काढाचं नाई. चुकून निंघालं तर त्या दिशी भाकर नाई. मंग मी मराठी शिकली. भुकेनं शिकवलेली बोली लवकर येते.

पन पाहुने आले की तेच बंद तोंड उघडा लागे. "काळे, बोलून दाखव." नाव बी माहं त्याइनं काळी करून टाकलं होतं. आमच्या बोलीत काही शब्द आवाज खाली बसवून बोला लागतात. वर बोललं तर शब्द मोडते. मी आवाज खाली बसवला की पाहुने पोट धरून हासत. सरलं की बाई म्हने, जाय आता, चूप राह्य.

अशा तीन वेचन्या सरल्या, तवा कुठी माय मले न्याले आली. मांगच्या दारी उभी राहून बोलाले लागली. मले अर्धं समजलं. अर्धं नाई. एक शब्द ते घडीघडी म्हने, "आलांग". मी तिच्या तोंडाकडं पाहत राह्यली. मंग तिनं एक हात सोताच्या छातीवर ठेवला, एक माह्या. तवा ध्यानात आलं. आलांग म्हंजे तू अन् मी, आपन दोघीच. पोटच्या पोरीसंग बोलाले मायले खुना करा लागल्या. मले रडू नाई आलं. अंगात जाळ उठला.

तोच गोरा साहेब त्या दिशी पुन्हा आला होता. वकीलसाहेबानं हाक मारली, म्हनले, बुढीले बी आना, हिची बोली चोख असन. मायले वसरीखाली उभं केलं. तिले काईच माहीत नव्हतं. साहेब उठला. तिची हनुवटी धरून मान वर केली अन् बोट पुढं केलं.

मी त्याचं मनगट धरलं.

"नाई," मी म्हटलं. "तिच्या तोंडात बोट नाई."

यावक्ती कोनी हासलं नाई. वकीलसाहेब म्हनले, साहेब तुमची बोली कागदावर उतरवून राह्यले, उपकार माना. उद्या तुमचे लेकरं मराठी बोलतीन, अन् ते बोली मरून जाईन.

"मारून तर तुमीच राह्यले," मी म्हटलं. "लिहाची असन तर आमच्या गावात या. खाली बसा. आमी बोलू तसं आइका."

वकीलसाहेबानं माह्या कानशिलात मारली. हाकला दोघीले, म्हनले. मी मायचा हात धरला अन् समोरच्या दारानं निंघाली.

एलिचपुराची वाट धरली. कापसाच्या गाड्या खाली येऊन राह्यल्या होत्या, आमी वर जाऊन राह्यलो होतो. दिसन त्याचं नाव माय सांगे. झाड, गोटा, पाखरू. मांगून मी म्हनत जाय. चुकलं की ते थांबे अन् पुन्हा म्हने. घाट चढेपर्यंत जीभ वळाले लागली.

मंग माहे लेकरं झाले. शेजारनी म्हनत, पह्यले मराठी शिकव, बाजारात कामी पडते. मराठी मी शिकवली बी. पन मांगून.

अवंदा लेकीसंग एलिचपूरच्या बाजारात चारोळी घेऊन गेली. आमी कोरकूत बोलून राह्यलो होतो. दुकानदार म्हने, "काय चिवचिव लावली? मानसासारखं बोला." लेक चूप झाली. तिची मान खाली गेली. ते मले पाहवलं नाई.

मी त्याले म्हटलं, "कोरो म्हंजे मानूस. कोरकू म्हंजे मानसं. आमी मानसाइचीच बोली बोलून राह्यलो."

त्यानं टोपलं पायानं सरकवलं. म्हने, मंग ने तुही चारोळी तुह्या मानसाइकडं.

टोपलं डोक्यावर घेतलं अन् न इकता पहाड चढली. घरात मीठ नव्हतं. लेकीनं इचारलं, पुढल्या बाजारी काय करशीन?

मी सांगतलं, जाऊ. त्याच्याच दुकानासमोर बसू. अन् याच्याहून मोठ्यानं बोलू.