मामंजींचे विनोद

माघात लग्न होऊन मी साताऱ्याहून पनवेलला आले. पहाटे अजून शाल लागायची आणि दुपारी घामाच्या धारा. परसातला आंबा मोहोराने भरला होता. यजमान सकाळी लवकर नोकरीवर जात, मग घरात सासूबाई, मामंजी आणि मी, तिघंच उरायचो.

मुंबईची पहिली एसटी आली की मामंजी स्टँडवर जाऊन वर्तमानपत्र आणत. बातम्या नंतर; आधी आतल्या पानावरची चौकट. तिच्यात थोडा इतिहास आणि खाली एक विनोद असे. ओटीवर चहाचा कप घेऊन ते मोठ्याने वाचत. माजघरात आम्ही दोघी बिरड्यासाठी वाल सोलत असायचो. एकदा त्यांनी वाचलं, की फार पूर्वी रोमन लोकांचं वर्ष मार्चात सुरू व्हायचं. सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, की आपला पाडवाही त्याच सुमाराला येतो, त्यात सांगण्यासारखं काय आहे?

विनोद वाचताना मात्र मामंजी मध्येच हसू लागत. शेवटचं वाक्य त्या हसण्यात बुडून जाई. मी पदर तोंडाला लावून हसायची ती त्यांच्या हसण्याला. सासूबाईंचा चेहरा हलत नसे. मला त्यांची जरा भीतीच वाटायची.

होळीच्या आधी हवा बदलली आणि मामंजींचा घसा बसला. आवाजच फुटेना. त्यांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरून चौकटीवर बोट ठेवलं. सासऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचं म्हणजे मला संकटच. मी सासूबाईंकडे पाहिलं.

"वाच," त्या म्हणाल्या. "नाहीतर त्यांना चहा जायचा नाही."

विनोद होडीचा होता. धक्क्यावर एकजण तांडेलाला विचारतो, होडी कधी सुटणार? तांडेल म्हणतो, भरती आली की. आणि भरती कधी येणार? होडी सुटायच्या आधी.

मी न हसता, एका दमात वाचून टाकलं. मग सासूबाईंच्या हातातला वाल घरंगळत गेला. त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"लग्न झाल्यापासून ऐकत्येय," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पण यांचा एकही विनोद कधी शेवटाला पोचला नव्हता."

मामंजींनी खाकरून काहीतरी बोलून पाहिलं. जमलं नाही, तेव्हा तेही हसले.

घसा सुटल्यावर वाटणी झाली. इतिहास त्यांनी वाचायचा, विनोद मी. काही वर्षं ती तशीच चालली.

मामंजी गेले त्या वर्षी इतिहासही माझ्याकडे आला. सासूबाई प्रत्येक माहितीत काही ना काही खोट काढत. मी समोर बसलेली असायची, पण त्या बोलत ओटीकडे तोंड करून.